बोटीचा सौदा

ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, त्या शहरात बद्रीनाथ बोट घ्यायला निघाला होता. तीही साधी वल्ह्याची नाव नव्हे, जेटबोट. पोटाखालून पाणी ओढायचं, मागून जोरात फेकायचं आणि त्या धक्क्यावर पळायचं, असलं ते प्रकरण. गारखेड्यातल्या त्याच्या गल्लीत ज्यानं ज्यानं हे ऐकलं तो आधी हसला आणि बद्रीनाथचा चेहरा बघून गप्प झाला. धाकट्या भावानं, सोमनाथनं, तर तोंडावरच विचारलं, "टँकरच्या मागं बांधून पळवता का काय ती?"

हसायला काय जातं? हसणाऱ्यांना एकदा इंद्रजीतच्या खोलीत नेऊन बसवायला हवं होतं.

इंद्रजीत हा बद्रीनाथचा एकुलता एक मुलगा. सत्तावीस वर्षांचा, शिकलेला इंजिनिअर. वाळूजच्या एका कंपनीत त्यानं चार वर्षं नोकरी केली आणि एका सोमवारी गेलाच नाही. काय झालं ते ना आईला सांगितलं, ना बापाला. त्याला आता अकरा महिने झाले होते. पडदा ओढून तो दिवसभर पडून असायचा. त्याची आई, सरूबाई, दाराशी ताट ठेवायची, संध्याकाळी अर्धं ताट परत न्यायची आणि मोरीत उभी राहून रडून घ्यायची. गोळ्या चालू होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "त्याला कशाचीच इच्छा होत नाही, हाच त्याचा आजार आहे. ज्या दिवशी तो 'मला हे पाहिजे' म्हणेल, त्या दिवशी ती गोष्ट हलकी समजू नका."

आणि तो दिवस आला होता. एका दुपारी इंद्रजीत स्वतःहून बाहेर आला, बापाशेजारी सोफ्यावर बसला आणि मोबाइल पुढं धरला. पैठण रोडला, धरणाच्या फुगवट्याकडेला, कुणीतरी आपली वापरलेली जेटबोट विकायला काढली होती. पांढरी, निळ्या पट्ट्याची, चार माणसांची.

"हिला खाली पंखा नसतो, अण्णा. सगळं आत असतं. गुडघाभर पाण्यात पण चालती. फक्त जाळीत शेवाळ अडकू द्यायचं नाही."

तो वीस मिनिटं बोलला. परवानगी कुठं काढावी लागते, शिकवणी कुठं मिळते, सगळं त्यानं शोधून ठेवलं होतं. बद्रीनाथला त्यातलं निम्मं कळलं नाही. तो पोराच्या ओठांकडं बघत बसला होता. शेवटी इंद्रजीत म्हणाला, "मला ही पाहिजे," आणि एवढं मागितल्याची लाज वाटल्यासारखा उठून आत गेला.

बद्रीनाथनं चार दिवस विचार केला. फुलंब्रीची जमीन रस्त्याला लागून होती, तिचे प्लॉट पडून विकले गेले होते, तेव्हा पैशाचं कारण सांगायला जागा नव्हती. प्रश्न वेगळाच होता. पाण्यातली वस्तू, पोराची ही अशी अवस्था. घ्यावी तर भीती आणि न घ्यावी तर त्याहून मोठी भीती. पाचव्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात गेला आणि हळूच म्हणाला, "घ्यायची."

सरूबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. "सांगू का त्याला?"

"येडी का काय तू? अजिबात बोलायचं नाय. त्याच्या तोंडावर दिसंल अन् मालक भाव सोडायचा नाय."

आता हे वाचून कुणी बद्रीनाथला कंजूष म्हणेल, तर तसं नव्हतं. त्याची सारी हयात बैलबाजारात गेली होती. आसपासच्या दहा गावांत कुणाला बैलजोडी घ्यायची असली की लोक बद्रीनाथला सोबत न्यायचे. त्याची एक रीत होती. जो बैल मनात भरला, त्याला सगळ्यात जास्त नावं ठेवायची. दात बघून तोंड वाकडं करायचं, खूर उचलून हळहळायचं, ज्यानं पैसे आणलेत त्यालाही चारचौघांत मूर्खात काढायचं आणि पाठ फिरवून चालू लागायचं. मालक हाक मारतोच. सोबतच्या माणसांना हे सगळं ठाऊक असायचं, बद्रीनाथ शिव्या घालायला लागला की ते मनात खूश व्हायचे. पोरगं मात्र शहरात वाढलेलं. त्यानं बापाला घरी शेतीचे हिशेब करताना पाहिलं होतं, बाजारात कधी पाहिलंच नव्हतं. ही एवढी गोष्ट बद्रीनाथच्या ध्यानात आली नाही आणि तिनंच घात केला.

रविवारी सकाळी दोघं गेले. बोटीचा मालक सुदर्शनशेठ तिथं हॉटेल चालवायचा, ते बंद पडलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये, दोनचाकी गाड्यावर बोट उभी होती. त्यानं ताडपत्री ओढली.

इंद्रजीतनं दाढी केली होती. निघताना आईनं ते पाहिलं होतं आणि त्याच्या हातात इस्त्रीचा शर्ट दिला होता. तो बोटीभोवती एक फेरी मारून आला. खाली वाकून त्यानं जाळी पाहिली, आत करंगळी घालून चाचपलं. मग वर चढला आणि सुकाणूच्या चाकामागं बसला. "इंजिन किती तास चाललंय? आतला पंखा बदललाय का?" तो विचारत होता आणि सुदर्शनशेठ उत्तरं देत होता. चाकावर हात ठेवून इंद्रजीत पलीकडच्या पाण्याकडं बघून हसला. अकरा महिन्यांनी बद्रीनाथनं ते हसू पाहिलं. 

तेवढ्यात त्यानं बघितलं, सुदर्शनशेठही ते हसू बघत होता.

झालं. बाजारात मुरलेला माणूस जागा झाला.

"ह्यॅ," बद्रीनाथ म्हणाला. "रंग उडालाय की सगळा. अन् ही भेग कसली? सीटबी फाटकी... अन् ते... आवाजबी लई करत असंल."

"साहेब, वर्षभर पाण्यात गेली नाही. वस्तू एक नंबर आहे."

"एक नंबर म्हणं! असलं खेळणं घेणाऱ्याची अक्कल काढली पाहिजे."

सुदर्शनशेठनं हसून इंद्रजीतकडं हात केला. "पण यांना तर आवडलेली दिसते."

सौदा इथंच हातचा जाणार होता. बद्रीनाथनं क्षणाचाही विलंब लावला नाही.

"त्याचं काय घेऊन बसलात? बिमार हाय तो. वरीस व्हत आलं, खोलीतून बाहेर निघंना. आज बोट म्हणतो, उद्या इमान उडवायचं म्हणंल. धड नोकरी टिकली नाय त्याच्याच्यानं, ही बोट काय टिकवतो! मी आपलं त्याला हवा खायला आणलं. चल रे, उतर."

हे सुचलं तेव्हा तो मनातून खूशच झाला होता, हे सांगायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. सौदा मोडायला इतकं पटण्यासारखं कारण त्याला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. तो पाठ फिरवून चालायला लागला. फाटकापाशी पोचायच्या आत हाक आली. तो परत फिरला, आणखी थोडं ओढून धरलं, आणि मनात धरलेल्या किमतीच्याही खाली बोट आली. खिशातून इसाराची रक्कम काढून त्यानं शेठच्या हातावर ठेवली आणि विजयी मुद्रेनं मागं वळला.

बोटीत कुणी नव्हतं. इंद्रजीत गाडीत जाऊन बसला होता, काचा वर करून.

"घेतली!" गाडी सुरू करत बद्रीनाथ म्हणाला. "शनिवारी आणायची. आता सांग, कसा हाय तुझा बाप?"

"बरं," इंद्रजीत म्हणाला.

बद्रीनाथ दोन-तीन मैल सौद्याच्याच गोष्टी सांगत राहिला. मग बद्रीनाथच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यानं गाडीचा वेग कमी केला. "अरे, ते बोललो ते तसं नसतंय. बाजाराची रीतच हाय ती. बैल आवडला की शिव्या द्यायच्या. खोटं व्हतं सगळं."

"अण्णा," इंद्रजीत बाहेर बघत शांतपणे म्हणाला, "बोटीला नावं ठेवताना तुम्ही अडखळत होतात. रंग, सीट, आवाज, एकेक शोधावं लागत होतं. माझ्याबद्दल काहीच शोधावं लागलं नाही. जिभेवरच होतं तुमच्या."

त्याचा आवाज जरा जरी चढला असता तर बद्रीनाथला भांडता आलं असतं.   घरी आल्यावर इंद्रजीतनं इस्त्रीचा शर्ट काढून आईच्या हातात दिला आणि खोलीचं दार ओढून घेतलं. सरूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं झालं ते सांगितलं. तिनं शर्टाची घडी घालून तो कपाटात ठेवून दिला. 

सोमवार ते शुक्रवार ताट जवळजवळ भरलेलंच परत येत राहिलं. बद्रीनाथ रोज दाराशी जायचा, "शनिवारी जायचंय बरं का," म्हणायचा आणि आतून "हं" आला की त्यावर समाधान मानून परतायचा. पाण्यावर गेला की सगळं विसरेल, असं तो सरूबाईला सांगायचा, आणि दोघांनाही ते पटत नव्हतं.

शनिवारी सकाळी गाडीची चावी घेऊन तो दिवाणखान्यात आला, तोच सुदर्शनशेठचा फोन आला.

"साहेब, तुमचा इसार परत घेऊन जा. बोट मी देत नाही."

"का? शब्द झाला नं आपला?"

"काल तुमच्या मुलाचा फोन आला होता. म्हणाला, वडील बोलले ते सगळं खरंय. मी आजारी माणूस आहे, माझ्या हातात देऊ नका. आता हे कानावर आल्यावर मी पाण्यातली वस्तू कशी देऊ? मलाही पोरं आहेत."

  बद्रीनाथला काय झालं कोण जाणे, बाजारात उभ्या जन्मात केलं नव्हतं ते तो करायला लागला. "शेठ, असं करू नका. तुम्ही पहिल्यांदा सांगितली ती किंमत देतो. वरून सांगाल ते देतो. लई चांगली बोट हाय ती. मी खोटं बोललो, तिच्यात एक खोड नाय! अन् माझ्या पोरात बी नाय. लई हुशार हाय तो, शेठ. चार वर्षं एक दिवस खाडा केला नाय कंपनीत. त्याच्यावानी पोरगं साऱ्या फुलंब्रीत सापडायचं नाय."

"साहेब, माफ करा," म्हणून शेठनं फोन ठेवला.

बद्रीनाथ बोलतच राहिला. मोबाइल कानाला तसाच आणि तोंड इंद्रजीतच्या दाराकडं. "लहानपणी पाटावरची पाण्याची मोटार उघडून परत जोडली व्हती त्यानं, पाचवीत असताना! मला कधी सांगता आलं नाय, पण मी दहा जणाला सांगितलंय!" त्याचा आवाज गल्लीत ऐकू जात होता. शेजारची सायली गच्चीवरून वाकून बघायला लागली.

"फोन बंद झालाय हो," सरूबाई त्याचा दंड धरून म्हणाली.

"माहितीये मला," तो म्हणाला, आणि आणखी मोठ्यानं बोलायला लागला. जे सत्तावीस वर्षांत एकदाही पोराशी बोलला नव्हता, ते सगळं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

आत हालचाल झाली. पावलं दारापर्यंत आली. सरूबाईनं देवाचं नाव घेतलं. बद्रीनाथ बोलायचा थांबला. दार काही उघडलं नाही. आतून इंद्रजीतचा आवाज आला, अगदी जवळून, थकलेला, बिनरागाचा.

"पुरे करा, अण्णा. तेव्हा नावं ठेवलीत ते घ्यायला. आता एवढं कौतुक... विकायला काढलं का मला?"