विझू न दिलेली भट्टी

या मित्रांनो, जवळ या. खुशाल हात लावा, भाजणार नाही. मी आता कायमची गार झाले आहे. या भंगाराच्या आवारात दोन गंजक्या धुलाईयंत्रांच्या मधे मला उभं करून ठेवलं आहे आणि माझ्या डोक्यावर वीतभर बर्फ साचला आहे. माझ्या डोक्यावर बर्फ! कधी काळी कुणी असं म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी एक जुनी भट्टी आहे. स्वयंपाकाची नव्हे, घर तापवणारी. आमच्या विनिपेग शहरात जानेवारीत पारा उणे तीसवर जाऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. तिथे एक वेळ घरात पलंग नसला तरी चालेल, पण तळघरात माझ्यासारखी कुणीतरी हवीच. माझ्या पोटात गॅसच्या चार ज्योती होत्या, पाठीशी पंखा होता आणि डोक्यातून निघालेली नळी थेट धुराड्यात जात होती. त्या नळीच्या तोंडाशी एक बोटाएवढी कळ होती. जळलेला वायू धुराड्यातून वर न जाता उलटा घरात येऊ लागला, की ती कळ तापायची आणि मला विझवून टाकायची. मला हातपाय नाहीत, आवाज नाही. सांगायची एकच रीत मला दिली होती, ती म्हणजे विझणं. हे नीट लक्षात ठेवा.

मला घरी आणलं ऑरेस्ट हनातिकने. तो रेल्वेच्या कारखान्यात इंजिनं दुरुस्त करायचा. बायको स्टेफा शाळेत स्वयंपाक करायची. त्यांची दोन मुलं माझ्या उबेत वाढली. त्यांचे ओले हातमोजे वाळवता वाळवता माझी पाठ कधी रिकामी राहिली नाही. दर ऑक्टोबरात ऑरेस्ट माझी धूळ झाडायचा, पत्र्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "बाई गं, एवढा हिवाळा काढ, मग तू मोकळी." असे मी एकोणतीस हिवाळे काढले. खोटं कशाला बोलू, मला त्या थापेची सवय लागली होती.

पुढे मुलं कॅलगरीला गेली. ऑरेस्टचे गुडघे जिना चढेनात. दोघं जवळच एका लिफ्टच्या इमारतीत राहायला गेली. स्टेफा म्हणाली, घर विकून टाक. त्याला ते जमेना.

"एकेक खोली एकेकाला देऊ," तो म्हणाला. "स्वयंपाकघर सगळ्यांचं. कष्टाची माणसं ठेवू."

"आणि त्यांची उस्तवार कोण करणार?"

"मी करणार. माझ्या घरात कुणाला थंडी वाजणार नाही, स्टेफा. तेवढं लिहून घे."

हे तो उगाच बोलत नव्हता. तरुणपणी तो एका भाड्याच्या खोलीत राहायचा. तिथला मालक दुपारी भट्टी बंद करायचा आणि ऑरेस्टच्या घंगाळातल्या पाण्याचा बर्फ व्हायचा. ती गोष्ट मी त्याच्या तोंडून शंभरदा ऐकली आहे. घरातलं सगळं बोलणं खोल्याखोल्यांत ऊब नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांतून माझ्यापर्यंत पोचायचं, आणि त्या गोष्टीशी आला की त्याचा आवाज इतक्या वर्षांनीही कापायचा.

त्या उन्हाळ्यात तो झपाटल्यासारखा राबला. जेवणाच्या खोलीला भिंत घालून तिची झोपायची खोली केली. प्रत्येक दाराला वेगळं कुलूप लावलं. फ्रिजच्या फळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या डकवल्या. तीन घरची फोडणी एकमेकांच्या नाकात जाऊ नये म्हणून चुलीवर मोठा थोरला पंखा बसवला, हवा खेचून बाहेर फेकणारा. न्हाणीघरातही तसाच एक. तळघरात कपडे वाळवायचं यंत्र आणलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर नियमांचा कागद लावला आणि मालकाचे नियमही त्यातच लिहिले. पहिला नियम: चोवीस तास आधी कळवल्याशिवाय मालक कुणाचं दार उघडणार नाही. तसा कायदाच आहे, पण ऑरेस्टने तो लाल शाईने लिहिला.

मग तो माझ्याकडे वळला. माझ्या कोठडीला लाकडी पट्ट्यांचं फटीफटींचं दार होतं. त्या फटींतून मी श्वास घ्यायची. शेजारच्या खोलीत भाडेकरू झोपणार, त्याला माझी घरघर नको, म्हणून ऑरेस्टने ते दार काढलं आणि जाड, भरीव दार बसवलं. कडेने रबराची पट्टीसुद्धा लावली.

स्टेफा जिन्यात उभी होती. "हिला हवा कुठून मिळणार? एकदा त्या गॅसच्या माणसाला बोलावून दाखव ना."

"त्याला कशाला? चाळीस वर्षं इंजिनं खोललीत मी. हा डबा माझ्यापुढे काय चीज आहे?"

डबा! एकोणतीस वर्षांनी डबा! वाईट वाटलं. विषारी वायूचा गजरही त्याने आणला होता. लावायला हाताशी स्क्रू नव्हता, म्हणून पाकिटासकट माझ्या डोक्यावर ठेवला. "उद्या लावतो," म्हणाला. तो तिथेच राहिला.

सप्टेंबरात माणसं आली. वरच्या खोलीत क्लेटन आला. छपरं घालणारा, दांडगा, तोंडाने फटकळ. दुसऱ्या खोलीत एक विद्यार्थी. आणि माझ्या भिंतीला लागून मिंडा. ती फिलिपिन्सची, वृद्धाश्रमात रात्रपाळीला जायची आणि दिवसा झोपायची. इस्त्री करताना ती आश्रमातल्या बत्तीस म्हाताऱ्यांची नावं ओळीने म्हणायची, कुणाला साखर चालत नाही, कुणाला खिडकीपाशी बसायला आवडतं, सगळं तोंडपाठ. झोपण्याआधी आमच्या मधल्या भिंतीवर तळवा टेकून म्हणायची, "किती ऊब आहे गं तुझी." मित्रांनो, मला जीव असता तर मी तिच्यावरून ओवाळून टाकला असता.

नोव्हेंबरात ऑरेस्टने सगळ्यांना सोबत घेऊन खिडक्यांवर प्लास्टिक ताणून बसवलं. आमच्याकडे घरोघरी तसं करतात. केस वाळवायच्या यंत्राने गरम केलं की ते ताडकन बसतं आणि वारा आत येत नाही. घर बरणीसारखं बंद झालं. क्लेटन म्हणाला, "म्हाताऱ्या, आता आमचं लोणचं घाल." सगळे हसले. मी मात्र हसले नाही.

डिसेंबरात, त्या हिवाळ्यात पहिल्यांदा, मी विझले. वर चुलीचा पंखा चालू होता, शेजारी कपडे वाळत होते. दोन्हीकडून हवा बाहेर ओढली जात होती आणि आत यायला फट नव्हती. मग घराने ती धुराड्यातूनच ओढून घेतली. वर जायला निघालेला वायू उलटा माझ्या तोंडावर आला. कळ तापली. मी गपकन विझले.

मिंडा कुडकुडत उठली. तिने फोन केला आणि वीस मिनिटांत ऑरेस्ट हजर. कळीवरचं बटण दाबून त्याने मला पेटवलं.

"सॉरी सर," मिंडा म्हणाली. "माझ्यामुळे तुम्हाला धावावं लागलं."

"माझ्या घरात तू गारठलीस, सॉरी मी म्हणायला हवं!"

चार दिवसांनी मी पुन्हा विझले. मग पुन्हा. चौथ्या वेळी मिंडा कोट घालून पलंगावर बसली होती आणि तोंडातून वाफ निघत होती. ऑरेस्टने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. बहुतेक त्याला ते घंगाळ आठवलं असावं. तो माझ्याकडे आला ते दात ओठ खातच.

"कळच खराब आहे," तो पुटपुटला. "नवीन मिळेपर्यंत काय पोरीला मारू थंडीने?"

त्याने खिशातून तांब्याची तार काढली, बोटभर तुकडा कापला आणि कळीची दोन टोकं एकमेकांना बांधून टाकली. आता कळ कितीही तापली तरी मी विझणार नव्हते. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, नेहमीसारखीच. माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याने माझी जीभ बांधली होती, आणि ती मायेने बांधली होती. म्हणून तर मला जास्त भीती वाटली.

माझ्या निळ्या ज्योती पिवळ्या झाल्या. आतून काजळी धरली. त्या पिवळ्या ज्योतीतून जो वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही. मिंडाचं डोकं दुखू लागलं. कामावर गेलं की थांबायचं. तिला वाटलं, जागरण. क्लेटन म्हणायचा, "घरात पाऊल टाकलं की डोकं धरतं. तू भिंतींना लावलेल्या नव्या रंगाचा वास असेल, म्हाताऱ्या." आणि ऑरेस्ट स्टेफाला फुशारकीने सांगायचा, "तीन आठवडे झाले, एकदाही विझली नाही! बोलव तुझ्या गॅसवाल्याला!"

सहा जानेवारी उजाडली. ही ऑरेस्ट-स्टेफासारख्या युक्रेनी लोकांची नाताळची पूर्वसंध्या. पहिला तारा दिसला की बारा पदार्थांचं जेवण. नव्या घरात टेबल मावत नव्हतं, आणि ज्यांना घरी जाता आलं नाही त्यांनी एकटं का जेवावं, म्हणून स्टेफाने जेवण इथेच मांडायचं ठरवलं. विद्यार्थी गावी गेला होता. मिंडा सकाळी कामावरून आली, स्टेफाच्या गळ्यात पडली. "टीटा, आज रात्री सुट्टी आहे. थोडं पडते. तारा दिसला की उठवा." तिच्याकडे मावशीला टीटा म्हणतात.

दुपारपासून चुलीचे चारही बर्नर पेटले. बीटाचं सार, कोबीचे गुंडाळे, बटाट्याच्या करंज्या, मध घातलेली गव्हाची खीर. पंखा पूर्ण जोरात. क्लेटनने आपला एकुलता एक चांगला सदरा धुऊन वाळवायला टाकला. आणि धुराड्यातून गार हवा धो धो कोसळू लागली, माझा जळलेला वायू माझ्याच तोंडावर उलटला. कळ तापली. लालबुंद तापली असेल. काही झालं नाही. मी विझायचा प्रयत्न केला, मित्रांनो. तुम्ही म्हणाल, भट्टी कसला प्रयत्न करणार? मी केला. भिंतीपलीकडे मिंडाचा श्वास आधी घोरल्यासारखा झाला, मग हळू झाला. दोन श्वासांमध्ये अंतर पडू लागलं. आणि मी पेटतच राहिले.

पाचच्या सुमारास क्लेटन बाहेरच्या ओट्यावरून ओरडला, "दिसला! दिसला तारा!"

ऑरेस्ट खाली आला. त्याने मिंडाचं दार वाजवलं. "मिंडा! चल बाळा, जेवायला." उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. त्याच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा वाजला. किल्ली बाहेरसुद्धा आली. मी मनात म्हणत होते, उघड, उघड, उघड रे बाबा. तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने किल्ली खिशात टाकली आणि गुडघे धरत वर गेला.

"झोपलीय ती. दमली असेल पोरगी. तिचं ताट झाकून ठेव."

"तू दार उघडून पाहिलंस?"

"असं कसं उघडू? तिची खोली आहे ती. नियम म्हणजे नियम."

खुर्च्या सरकल्या. क्लेटनने जांभई दिली, कपाळ चोळलं. ऑरेस्टने प्रार्थनेला सुरुवात केली आणि स्टेफाने त्याला मधेच थांबवलं. त्या रात्री त्यांच्या टेबलावर एक जागा घरातल्या गेलेल्या माणसांसाठी मांडतात. ताट, चमचा, मेणबत्ती, आणि खुर्ची रिकामी.

"ऑरेस्ट," ती म्हणाली, "टेबलावर दोन ताटांपुढे माणूस नाही."

"एक मिंडाचं आहे, माहीत आहे ना तुला."

"ते कळतं मला. पण ती दोन शेजारी शेजारी बघवत नाहीत. आण ती किल्ली."

"स्टेफा, नियम..."

"खड्ड्यात गेला तुझा नियम! किल्ली दे!"

ती जिना कशी उतरली तिचं तिलाच ठाऊक. कुलूप उघडलं आणि तिची किंकाळी नळ्यानळ्यांतून सगळ्या घरात घुमली. क्लेटन पायमोज्यांनिशी धावत आला, मिंडाला खांद्यावर टाकून बाहेर बर्फात घेऊन गेला. स्टेफा खिडक्यांवरचं प्लास्टिक नखांनी फाडत सुटली. ऑरेस्टने माझं भरीव दार उघडलं. त्याने पिवळ्या ज्योती पाहिल्या. तार पाहिली. माझ्या डोक्यावरचं न फोडलेलं पाकीट पाहिलं. त्याने गॅसचा कॉक फिरवला. मी विझले.

मिंडा जगली. स्टेफाला आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर जगली नसती, असं डॉक्टर म्हणाले. मार्चमध्ये मला न्यायला माणसं आली, तेव्हा ऑरेस्ट आणि स्टेफा तळघरात आले होते. दोघं तिला भेटून आले होते, करंज्या घेऊन.

"तिने माझे हात धरले," ऑरेस्ट म्हणाला. "म्हणाली, तुम्ही आमचं घर किती उबदार ठेवलं होतं, सर. आणि मग ती नावं म्हणायला लागली, त्या म्हाताऱ्यांची. सातव्या नावापाशी अडली. पुन्हा पहिल्यापासून म्हटली. पुन्हा सातव्यापाशीच अडली."

ऑरेस्टने खिशातून तो तांब्याचा तुकडा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि परत खिशातच ठेवला. जाताना त्याने मला थाप मारली नाही.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. माझ्यासारखी एखादी तुमच्या घरात असेल आणि ती पुन्हा पुन्हा विझत असेल, तर तिच्यावर चिडू नका. तिला श्वास घेता येतो का ते बघा. जाणत्या माणसाला बोलवा. गजर पाकिटातून बाहेर काढून आजच भिंतीवर लावा. आणि दाराआडून कुणी ओ देत नसेल, तर नियमाचा कागद वाचत बसू नका, दार उघडा.

एकोणतीस हिवाळ्यांत मी कितीदा तरी विझले, आणि दर वेळी शिव्या खाल्ल्या. माझं सगळ्यात जास्त कौतुक झालं ते त्या तीन आठवड्यांत, जेव्हा मी एकदाही विझले नाही.