टिप्याचं काय घेणार?

मला होडी म्हणायचे की मोठी परात, यावरून काठावर पूर्वी बरीच थट्टा चालायची. चालू द्या! मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची होडी. शेवगावच्या एका लोहाराने पत्रा ठोकून, सांध्यांना डांबर फासून मला घडवले आणि लंकाबाईने बैलगाडीत पालथी घालून मला धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे मागे साचलेल्या पाण्यावर, आणले. पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा एका अंगाला अशी कलले की बघ्यांनी कपाळाला हात लावला. लंकाबाई मात्र म्हणाली, "असू दे. म्या तरी कुठं सरळ हाय?"

लंकाबाई एकटी राहायची. मासे धरायची, माणसांना या काठावरून त्या काठाला सोडायची. तोंडाने फटकळ, पण दुसऱ्याच्या काडीला हात लावायची नाही. उन्हाळ्यात ती मला डांबराचा हात द्यायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझी म्हैस हाय ही, पान्यातनं उठायचं नाव घेत न्हाई." मला फार बरे वाटायचे.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. गावात तेव्हा एसटीडीचा एकच फोन होता आणि ऊसतोडीला गेलेल्या माणसांची खबर थेट गुढीपाडव्यालाच कळायची. आमच्या पाण्यात मधोमध एक टेकाड होते. धरण भरले की त्याचे बेट व्हायचे. तिथे सूर्यभान आणि छबूबाई या नवराबायकोचे घर होते. दिवाळी झाली की दोघे टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे. त्या वर्षी मागे राहायला घरात कुणीच उरले नव्हते. उरल्या होत्या तीन शेळ्या आणि टिप्या नावाचा कुत्रा. अंगाने पांढरा, पाठीवर काळे ठिपके. मी टेकाडाला लागले की सगळ्यांच्या आधी तो उडी मारून माझ्या टोकावर उभा राहायचा, जसा काही होडीचा मालकच!

जायच्या आदल्या दिवशी माझ्यात बसून काठाला येताना सूर्यभानने विषय काढला. "मावशी, घर आन् जनावरं तुमच्यावर टाकून चाललो. राखनीचं काय घेनार ते आधी बोला."

लंकाबाई पेचात पडली. काठावरच्या घराची राखण करायची तर सगळ्यांना भाव ठाऊक. इथे रोज वल्हे मारत यायचे, वारा सुटला तर होडीतच बसून राहायचे. याचा भाव आजवर कुणी ठरवला होता? जास्त सांगावे तर गरिबाला नागवल्यासारखे, कमी सांगावे तर आपलेच खांदे मोडायचे. बराच वेळ वल्ह्याने पाणी ढवळून ती म्हणाली, "घराची दोन पायल्या बाजरी द्या. शेळ्या अर्धलीनं."

अर्धलीने म्हणजे शेळ्या सांभाळणाऱ्याला होणाऱ्या करडांतली निम्मी मिळायची. रीतच होती ती. सूर्यभानने मान डोलावली.

"आन् टिप्याचं?" छबूबाईने विचारले.

लंकाबाई खो खो हसली. "कुत्र्याचं कुनी घेतं व्हय गं? टाकीन की भाकरीचा तुकडा!"

"तसं नगं मावशी. काय तरी सांगा."

"गप ए येडे!"

छबूबाईला ते पटले नव्हते. टिप्याच्या मानेवरचा हात तिने काठ येईपर्यंत काढला नाही.

सुरुवातीला सगळे छान चालले. लंकाबाई रोज यायची, शेळ्यांना पाला टाकायची, दाराचे कुलूप ओढून बघायची. मग एके दिवशी अवेळी आभाळ फाटले. सोसाट्याचा वारा, वरून पाऊस, आणि पाणी टेकाडावर चढत चढत गोठ्यापर्यंत आले. लंकाबाईने जिवावर उदार होऊन मला पाण्यात घातले. एकेक करून शेळ्या माझ्यात चढवल्या. त्यांतली एक गाभण होती, तिला तर उचलूनच घेतले. तेवढ्यात टिप्याने नेहमीसारखी उडी मारली आणि माझ्या टोकावर उभा राहिला.

लंकाबाईने वल्ह्याने त्याला खाली ढकलले. "हो बाजूला! शेळ्या बुजत्यात. तुला पवता येतंय, ये मागनं!"

मित्रांनो, माझ्यात जागा होती. कुणी मला विचारले नाही आणि विचारले असते तरी मला बोलता येत नव्हते, पण जागा होती. हे मला आजही खाते.

टिप्या पोहत मागे आला. लाटा त्याच्या डोक्यावरून जात होत्या. अर्ध्या वाटेवर त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि तो मागे फिरला. लंकाबाईचे लक्ष शेळ्यांकडे होते.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. लंकाबाई गेली नाही. गाभण शेळीला शेक द्यायचा होता, पाला तोडायचा होता. "कुत्रं हाय, कुटं तरी असंल," असे ती स्वतःशीच म्हणाली, पण सारखी पाण्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी मात्र तिच्याने राहवेना. टेकाड दिसायला लागल्यावर तिचे वल्हे चुकीचे पडू लागले.

टिप्या उंबऱ्यावर बसला होता. पोट पाठीला लागलेले, अंगावर चिखल वाळलेला. तिला बघून त्याने शेपूट हलवली. तेवढी शेपूट हलली आणि लंकाबाई चिखलात बसून ढसाढसा रडली. "भाड्या, शेपूट कशापायी हलवतूस रं माझ्यापुढं?"

तिने त्याला खूप चुचकारले, पण वल्हे दिसले की तो मागे सरायचा. माझ्यात तो पुन्हा कधी चढला नाही.

पाडव्याला सूर्यभान आणि छबूबाई परतले. टिप्याने मालकिणीला आनंदाने पार लोळवले. करडांची वाटणी झाली, बाजरी मोजून झाली. मग बाजाराला जायचे म्हणून सगळे माझ्यात बसले. छबूबाईने हाक मारली, "टिप्या, चल!" तो पाण्यापर्यंत आला आणि वल्ह्याकडे बघून, शेपूट पायांत घालून थांबला.

"मावशी, ह्यो वल्ह्याला का भितोय?"

साप निघाला होता, असे लंकाबाईला सांगता आले असते. कुणी शंका घेतली नसती. तिने वल्हे मांडीवर आडवे ठेवले आणि झाले ते सगळे सांगितले.

छबूबाई काठावरच्या टिप्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्या इचारलं हुतं, टिप्याचं काय घेनार. तुमी हसला."

लंकाबाईने बाजरीची पिशवी तिच्या पुढ्यात सरकवली. "ही तुझी. घर म्या न्हाई राखलं, त्यानं राखलं."

छबूबाईने पिशवी घेतली. लंकाबाईला जरा टोचले असावे, पण घेतली हे बरेच झाले.

पुढच्या दिवाळीला ती दोघे आपल्याला विचारतील, असे लंकाबाईला वाटले नव्हते. पण दोघे आले. सूर्यभान म्हणाला, "बोला मावशी, काय घेनार?"

"घराचं काय नगं. शेळ्यांचंबी नगं," लंकाबाई म्हणाली. "टिप्याचं घेईन. दोन पायल्या. ठरवून घेईन, म्हंजी इसरायची न्हाई."

त्या हंगामात मी टेकाडालाच बांधलेली असायचे. लंकाबाई माझ्यातच राहायची, माझ्यातच चूल मांडायची. पहिली भाकरी टिप्याची. तो काठावर बसून खायचा, ती होडीत बसून.

आता लंकाबाई नाही, टिप्याही नाही. माझा तळ गंजून चाळण झाला आहे आणि मी काठावर पालथी पडून आहे. भंगारवाला परवा मला ठोकून भाव करून गेला. करू दे, त्याचा धंदाच आहे तो. पण मित्रांनो, माझ्या पोटाखाली एक कुत्री व्याली आहे. पिल्लांचे डोळे अजून उघडायचे आहेत. एवढे करा, भंगारवाल्याला चार दिवस थांब म्हणा. आणि कुणाची राखण घ्याल तेव्हा ज्याचा भाव कुणी विचारत नाही, त्याला आधी आत घ्या. जागा असते.