घाटापुरते टायर

"ओत, आणखी ओत," कोंडाजी म्हणाला, आणि त्याच्या बायकोनं, आवडीनं, नव्या टायरच्या कडेवर रिठ्याचं बुळबुळीत पाणी ओतलं. महाडचा दुकानदार बसवायचे वेगळे पैसे मागत होता. कोंडाजीनं टायर मोटारीत टाकले आणि सरळ पोलादपूरचं घर गाठलं. पहारीनं रबर चढवताना तिच्या देखत त्याची बोटं सोलली, पण स्वारी खुशीत होती.

त्याची जुनी मोटार महाड-पोलादपूर उतारू नेई. आवडीचं माहेर कशेडी घाटापलीकडे. तिथं तिची आई राहीबाई एकटी राही. लेकीला मोटारीतून उतरताना बघायचं, एवढाच म्हातारीचा हट्ट. आवडीनं विषय काढला की कोंडाजी म्हणे, "गुळगुळीत टायरांवर घाट नको गो. जरा स्वस्त होऊ देत."

टायर कसले स्वस्त होतात! तीन वर्षं अशीच गेली. शेवटी त्यानं चारांऐवजी दोनच घेतले, पुढच्या चाकांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटात दाट धुकं होतं. दरी दिसेना, डोंगर दिसेना. झाडं समोर येत आणि विरून जात. मोटार चालते आहे की तरंगते आहे, हेच आवडीला कळेना. हा घाट संपूच नये असं तिला वाटलं.

"चाकांचा आवाज येतोय का बघ," कोंडाजी म्हणाला.

"नाय."

"नवं रबर हाय!" बढाई ऐकायला तिच्याशिवाय होतं कोण?

अंगणात त्यानं जोरात हॉर्न दिला. राहीबाई भिंत चाचपत दारात आली. तिचे डोळे दुधाळ झाले होते.

"आये!" आवडीला रडू फुटलं. "कळवायचं नाय का गो?"

"कळवून काय? जावयबापूंकडं टायर नव्हतं ना."

हा टोमणा नव्हता. म्हातारीनं ते खरंच मानलं होतं, म्हणूनच कोंडाजीच्या जिव्हारी लागलं.

त्यानं तिचा हात धरून पुढच्या चाकावर ठेवला. रबराच्या बाजूचे बारीक केस अजून झडले नव्हते. म्हातारीची बोटं त्यांवरून हळूहळू फिरली.

"लव हाय की याला," ती हसली. "वासरागत. आता मागलं दावा."

कोंडाजीनं मागच्या गुळगुळीत चाकाकडं पाहिलं. मग मोटारीच्या नाकापुढून वळसा घालून त्यानं तिला पुढच्याच दुसऱ्या चाकापाशी नेलं.

"हे बी तसंच," म्हातारी समाधानानं म्हणाली.

आवडी बघत होती. तिनं डोळे पुसले आणि आईचं बोट धरून तिला घरात नेलं.