तव्यावरची पहिली भाकरी

हाजराबीच्या हातच्या भाकरीचं भिंगारात नाव होतं. पातळ, टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेली. तिचा नवरा चांदभाई पलटणीसाठी चामड्याचे पट्टे शिवायचा. तो पहिला घास घेऊन रोज म्हणायचा, "गरम भाकरीवानी दुसरी चीज न्हाई बघ!" हाजराबी मान डोलवायची. आता हे खरं की खोटं, ते तिला बिचारीला कुठून कळणार? लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि तिनं एकदाही गरम भाकरी खाल्ली नव्हती. आधी सासरा, मग दीर, मग नवरा, मग मुलं. सगळ्यांचे हात धुऊन होईतो चूल विझलेली असायची. त्यात लढाईमुळे ज्वारी रेशनवर आलेली, त्यामुळे दुरडीच्या तळाशी उरेल तो तुकडा तिचा.

एका दुपारी परसात भांडी घासता घासता तिनं हे शेजारणींना बोलून दाखवलं. डावीकडच्या घरात राहीबाई, दूधवाल्याची बायको. उजवीकडे दया, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांची.

"नवऱ्याआधी जेवलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हनं," राहीबाई म्हणाली.

"आमच्यात बरकत जाती," हाजराबी म्हणाली.

"आमच्यात काही घटत नाही न् जात नाही," दया म्हणाली. "पुरुष म्हणजे घराचं मस्तक. म्हणून आधी मस्तकाला वाढायचं."

"पोट कुनाचंच न्हाई का मग?" हाजराबी खदखदून हसली. "बाकी कशात आपलं जमत न्हाई, पन बाईला गार भाकरी द्यायची यावर तिन्ही घरांचं एकमत!"

हसली खरी, पण मरायच्या आधी एकदा गरम भाकरी खायचीच, असं तिनं ठरवून टाकलं.

शुक्रवारी चांदभाई जुम्म्याच्या नमाजाला गेला, की परसातल्या चुलीवर बेत करायचा ठरला. राहीबाई आपलं पीठ आणि आपला तवा घेऊन आली. "तवा माझा, पीठ माझं, म्हंजी भाकरी बी माझ्याच घरची," तिनं स्वतःची समजूत घातली. "पन घरी कुनी बोलू नगा हां!"

पहिली भाकरी फुगली. हाजराबीचा हात सवयीनं दुरडीकडे वळला. राहीबाईनं तिचं मनगट धरलं.

"आवं, खा की!"

"मी कशी? तुमी पाव्हन्या. तुमी घ्या."

राहीबाईनं ती दयाला दिली, ती वयानं लहान म्हणून. मोठ्यांच्या आधी कशी खाऊ, म्हणत दयानं ती परत हाजराबीपुढे सरकवली. भाकरी गार झाली. दुसरीचीही तीच गत. जन्मभर दुसऱ्याला वाढलेल्या हातांना स्वतःच्या तोंडाची वाटच सापडेना. तिघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

तिसरी तव्यावर होती तेवढ्यात मागच्या दारात चांदभाई खाकरला. राहीबाईनं पदर पुढे ओढला. दया उठून उभी राहिली.

"वाढ गं," तो म्हणाला. "लई भूक लागलीया."

निखाऱ्याशी टेकवलेली भाकरी टम्म फुगली. हाजराबी तिच्याकडे बघत राहिली. ही गेली तर आणखी बत्तीस वर्षं आणायची कुठून? तिनं भाकरीचे तीन तुकडे केले, दोन शेजारणींच्या हातांत कोंबले आणि तिसरा सरळ तोंडात घातला.

वाफेनं जीभ भाजली. इतकी वर्षं तिची बोटंच काय ती भाजत होती. भाजलेली जीभ तिला फार म्हणजे फारच आवडली.

मग तिनं गार झालेल्या दोन भाकरी ताटलीत घालून नवऱ्यापुढे ठेवल्या.

"गार हाय ही," एक घास खाऊन चांदभाई म्हणाला.

"व्हय. मी रोज तीच खाती."

चांदभाईनं मान वर केली. शेजारणी जमिनीकडे बघत उभ्या होत्या, आणि दोघींचे गाल घासानं फुगलेले होते. त्यानं आणखी एक गार घास चावून गिळला. मग त्यानं जरा चोरट्या आवाजात विचारलं, "आन् गरम? कशी लागली?"

हाजराबीनं पुढच्या भाकरीसाठी पीठ मळायला घेतलं.

"तुमी म्हनत हुता, ते खरंच निघालं," ती म्हणाली.