साराची पळी

धसईजवळच्या त्या गावात गावदेवाच्या भंडाऱ्याला सगळ्यात आंबट सार जिचं, तिच्या हातात पळी. पहिली वाटी पंचाची. त्याचे डोळे मिटले नाहीत, तर देव जेवला कसा म्हणायचा! आजवर पळी वत्सलाबायकडेच. तिचा जीव की प्राण होती ती.

यंदा पंच काळूराम. त्यानं शहापूरहून मातीचा आंबटपणा तपासायच्या कागदी पट्ट्या आणल्या आणि गावाची शांतता गेली. मेल्यानं विहीर मोजली, चहा मोजला, बकरीचं दूध मोजलं, देवाचं तीर्थसुद्धा सोडलं नाही. "जिभेवर भरवसा नाय. आता कागद सांगंल," म्हणाला.

वत्सलाबायच्या आमसुलाच्या साराला आकडा आला तीन. तिची धाकटी जाऊ हिरी, तिच्या ताकाच्या कढीला चार.

"चार मोठा! पळी हिरीची!" काळूरामनं जाहीर केलं.

वत्सलाबायची सून अनिता पट्ट्यांच्या डबीवरचं वाचून ओरडली, "अवो, उलटं हाय! सात म्हंजे साधं पाणी. आकडा जितका खाली तितकं आंबट, नि एक आकडा उतरला की दहापट! आईंचं सार काकींच्या कढीच्या दहापट आंबट हाय."

"खाली ते जास्त कसं गो? भात मोजताना तीन पायली मोठं का चार?" काळूराम म्हणाला. गावानं माना डोलावल्या. पायलीपुढं कोण बोलणार!

वत्सलाबाय तरातरा घरी गेली आणि कपड्याच्या साबणाचं पाणी वाटीत घेऊन आली. "ह्ये माझं दुसरं सार. मोज."

पट्टी निळी झाली. दहा! गावानं टाळ्या पिटल्या. हिरीसुद्धा पिटत होती.

"जितलं ना? मंग पयली वाटी पंचाची. पी," वत्सलाबाय काळूरामला म्हणाली.

काळूरामनं वाटी तोंडाशी नेली. फेस मिशीला लागला. त्यानं गावाकडे पाहिलं. गाव डोळे कधी मिटतात याची वाट बघत होतं.

"वत्सलाबाय, माझं चुकलं."

"तुझं ठेव बाजूला. कागद काय म्हनतो?"

"कागद म्हनतो... पळी तुझी."

वत्सलाबायनं पदरानं डोळे पुसले. पंचाच्या मानाची पहिली वाटी आमसुलाच्या सारानं भरून तिनं हिरीपुढे धरली. "तीन हाय गो. जपून पी."

हिरीनं घोट घेतला आणि तिचे दोन्ही डोळे गच्च मिटले.

"देव जेवला!" गाव ओरडलं.