सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी

न्हाव्याच्या घराला दोन स्वयंपाकघरं होती, आणि त्यांच्या मधल्या जिन्यात न्हाव्याचा जीव टांगलेला असे. खाली रस्त्याला लागून दुकान, दुकानामागे त्याचा आणि बायकोचा संसार. वरच्या खोल्यांत त्याची थोरली बहीण. ती त्याला पंचावन्नाव्या वर्षीही ‘बाळ्या’ म्हणायची, बायको ‘अहो’ म्हणायची, आणि त्या दोघी एकमेकींना काहीच म्हणत नव्हत्या. कित्येक वर्षं झाली होती. कशावरून तुटलं हे आता दोघींनाही धड सांगता आलं नसतं. दोघींमध्ये विस्तव जात नव्हता. निरोप मात्र दिवसभर जायचे, आणि सगळे न्हाव्याच्या मानेवरून.

“बाळ्या, सांग तुझ्या बायकोला, जिन्यात बादली ठेवली तर एक दिवस माझा पाय मोडेल.”

“अहो, तुमच्या ताईंना सांगा, नाक वर करून उतरलं की बादली दिसत नाही.”

दोघी हाताच्या अंतरावर. मध्ये हा. दुकानात खुर्चीमागे उभा राहिला की याच्या तोंडाचा पट्टा कात्रीपेक्षा जोरात चालायचा. घराचा उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप.

अशा घरात न्हाव्याला शुगर निघाली. डॉक्टरीणबाईंनी पांढरी गोळी लिहून दिली, एक सकाळी, एक संध्याकाळी, जेवणाबरोबर. बायको दुपारनंतर मोठ्या लाँड्रीत पाळीवर जायची, म्हणून संध्याकाळचं जेवण वर बहिणीकडे असे. तेव्हा गोळ्यांचीही वाटणी झाली. सकाळची पट्टी बायकोच्या डब्यात, संध्याकाळची बहिणीच्या.

पण दुसऱ्याने लिहून दिलेली गोळी हातावर ठेवण्यात कसलं आलंय नाव? बायकोने मेथी भिजत घातली. कारल्याचा रस सुरू केला. चहात साखरेच्या जागी दालचिनीची पूड आली. मग कुणीतरी गुडमारची पानं आणून दिली. ती चावली की तासभर गोडाची चवच मरते, साखर तोंडात वाळूसारखी लागते. न्हावी बिचारा सकाळीच जिभेवर वाळू घेऊन दुकान उघडायचा.

बहीण जीवनसत्त्वांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. ती काय मागे राहते? संध्याकाळी ताटाशेजारी बाटल्यांची पलटण उभी राहायची. क्रोमियम, मॅग्नेशियम, झिंक, ड जीवनसत्त्व.

“हे शास्त्र आहे, बाळ्या. पालापाचोळा गुरं खातात.”

हे वाक्य जिन्यावरून खाली पोचेल इतक्या आवाजात म्हटलेलं असे. सकाळी त्याचं उत्तर यायचं, छताकडे तोंड करून.

“खडू आणि लोखंड खाऊन कोण बरं झालंय? माणूस आहे का भिंत?”

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. आकडा उतरला होता. डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणाल्या, “छान! जे चाललंय ते चालू ठेवा.” कागद घेऊन न्हावी घरी आला आणि त्याच्या घरातली उरलीसुरली शांतता त्या चांगल्या बातमीने खाल्ली.

“मेथी बोलली बघा,” बायको म्हणाली.

“बाटल्यांनी काम केलं,” बहीण म्हणाली.

“गोळीनेही केलं असेल थोडं,” न्हावी म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आता खरी गोष्ट ऐका. मेथीच्या दाण्याला अहंकार नसतो, क्रोमियमलाही नसतो. तो चमचा धरणाऱ्या हाताला असतो. देवाने दोघींना वाढणारे हात दिले होते, आणि माया तर इतकी की एकीच्या मायेवर तो माणूस आरामात जगला असता. पण दोघींनाही एकच काटा टोचत होता: हे श्रेय तिला जाऊ नये.

बायकोच्या मनात आलं, पांढरी गोळी मध्ये आहे तोवर मेथीचं नाव कधी होणार नाही. संध्याकाळची तर ती बया देतेच आहे, मग माझी सकाळची काढून बघू. आकडा खालीच राहिला तर माझाच गुण. तिने गोळी द्यायचं थांबवलं. वर, त्याच आठवड्यात, त्याच विचाराने, बहिणीने संध्याकाळची गोळी थांबवली. सकाळची देतेच आहे ना ती! बोलत्या दोन बायकांकडून ही चूक झालीच नसती. जिन्याच्या कठड्यावरून एकीने एक प्रश्न खाली टाकला असता की संपलं. पण प्रश्न विचारायचा म्हणजे आधी तोंड उघडायचं, आणि ते आधी कुणी उघडायचं?

न्हाव्याला तहान लागू लागली. दुपारी खुर्चीच्या पाठीला टेकून तो पेंगायचा. गिऱ्हाईक हसून म्हणायचं, “गळ्यावर वस्तरा असताना झोपू नका हो!” बायकोने कारल्याचा पेला मोठा केला. बहिणीने आणखी एक बाटली उघडली. प्रत्येकीला वाटत होतं, त्या दुसरीच्या थेरांनी माझं औषध बाटवलं.

न्हाव्यांच्या पायांना एक जाच असतो. कापलेले बारीक केस काट्यासारखे बोटांच्या बेचक्यात रुततात. दुकान बंद केलं की पाय धुऊन ते वेचावे लागतात. या वेळी एक केस डाव्या करंगळीशी रुतला आणि याला कळलंच नाही. मोज्याला वास आला तेव्हा कळलं.

दवाखान्यात दोघी आल्या. तो मधल्या खुर्चीत, त्या दोन टोकांना. डॉक्टरीणबाईंनी करंगळी दाबली.

“दुखतं?”

“नाही.”

“तेच वाईट आहे.” त्यांनी आकडा पाहिला आणि चष्मा काढला. “पाऊल वाचवायचंय मला. गोळ्या पोटात असताना शुगर इतकी चढली असेल तर उपचार एक, पोटात नसताना चढली असेल तर वेगळा. चुकीचं सांगाल तर मी चुकीचं देईन, आणि हा माणूस उभ्याने कात्री धरणार नाही. गोळ्या कोण देतं?”

बायको पदराचं टोक पिळत होती.

“सकाळची माझ्याकडे,” ती शेवटी म्हणाली. “मी देत नव्हते. पण संध्याकाळची चालू होती. ती...”

तिने मान वळवली आणि इतक्या वर्षांनी नणंदेच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. तिथला रंग उडाला होता.

“वन्सं?”

“तू सकाळची देत नव्हतीस?” बहीण किंचाळली. “अगं, मी तुझ्या भरवशावर होते!”

“माझ्या भरवशावर? माझ्या? मी तुमच्या भरवशावर होते! शास्त्र ना तुमचं? हेच का शास्त्र?”

“जीव घेतलास माझ्या भावाचा!”

“अर्धा तुम्ही घेतलात, तो धरा आधी!”

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर हात आपटला, पण आवाज त्यांच्या हाताने थांबला नाही. तो न्हाव्याच्या बोलण्याने थांबला.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

दोघी त्याच्याकडे वळल्या.

“सकाळी ताटात पांढरी गोळी नसायची. संध्याकाळीही नसायची. विचारणार होतो. पण खाली विचारलं तर वर पेटेल, वर विचारलं तर खाली पेटेल. म्हटलं, जाऊ दे.”

“जाऊ दे?” बायको म्हणाली.

“पाय जाऊ दे?” बहीण म्हणाली. “बाळ्या, देवाने तोंड काय फक्त गिऱ्हाइकांसाठी दिलंय तुला?”

“तेच म्हणते मी! जगाच्या पंचायती दुकानात करता, आणि स्वतःच्या पोटात काय गेलं नाही ते सांगायला जीभ झडली?”

“लहानपणापासून असाच आहे हा!”

“लग्नापासून बघतेय ना मी!”

डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “मेथी, दालचिनी जेवणापुरती. रस बंद. बाटल्या सगळ्या मला आणून दाखवा. आणि गोळीच्या जागी काहीही नाही. आज इथूनच मोठ्या इस्पितळात.”

करंगळी गेली. पाऊल राहिलं.

महिन्याभराने न्हावी पुन्हा खुर्चीमागे उभा राहिला, डाव्या पायात जाड सपात घालून. दोघींचं पटत नव्हतं ते नव्हतंच. पण आता न्हाव्याच्या मानेवरून निरोप जात नव्हते. रोज सकाळी वरच्या कठड्यावरून हाक येते, “दिलीस का गं?”

“तुमच्यासारखी विसरभोळी नाही मी, वन्सं! काल संध्याकाळची?”

“मी काय खोटं बोलेन?”

“एकदा बोललाच होतात!”

“मी बोलले नव्हते, गप्प होते! तूही होतीस!”

दाढीचा फेस तोंडाला लावलेलं गिऱ्हाईक आरशातून विचारतं, “भांडण का हो?”

“नाही,” न्हावी पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळतो, मागच्या दाराकडे वळून तोंड उघडतो, जीभ वर करून दाखवतो, आणि बायको मान हलवेपर्यंत ती तशीच धरून ठेवतो.