ती तबकडी कोरी नव्हती

मी एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर आहे. नुसता प्लेअर नाही, मित्रांनो. हा फरक सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्लेअर तबकडी फक्त वाचतो. मी वाचतो आणि लिहितोसुद्धा. कारखान्यात हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात लेझरचा डोळा बसवला, एक तबकडी चालवून पाहिली आणि 'पास' असे छापलेली चिठ्ठी माझ्या पाठीवर चिकटवली. ती मी अजून मिरवतो.

मला विकत घेतले एका घड्याळजींनी. दुकानात त्यांनी विक्रेत्याला अगदी भंडावून सोडले.

"हे प्लस आर, मायनस आर काय प्रकरण आहे?"

"काका, कोऱ्या तबकड्यांच्या दोन पद्धती आहेत. काम सारखंच, पण काही मशिनं एकीलाच ओळखतात. हे दोन्ही ओळखतं. आर म्हणजे लिहिलं ते कायमचं. आरडब्ल्यू पुसून परत वापरता येते."

"मग आर द्या. मी लिहिणार ते पुसलं जायला नको."

ग्रंथालयाच्या मनोऱ्यातले मोठे घड्याळ काका तीस वर्षे सांभाळत होते. त्या वर्षी त्यांनी ते सगळे उघडले, साफ केले आणि पुन्हा जोडले. कॅमेरा तिवईवर होता, त्याची तार माझ्या पाठीत. काका एकटेच बोलत काम करायचे आणि मी त्यांचा शब्द न् शब्द तबकडीवर उतरवून घ्यायचो. दीड तासाचे चित्रण झाले. शेवटी मी पडद्यावर विचारले, 'फायनलाइज करायचे?' तबकडीला अशी शेवटची मोहोर लागली, की ती इतर प्लेअरमध्येही चालते. काकांनी 'नाही' दाबले. "जागा शिल्लक आहे, पुढं काही भरता येईल," असे ते स्वतःशीच पुटपुटले.

पुढची काही वर्षे माझा मोठा थाट होता. शेजारीपाजारी जुन्या कॅसेटी घेऊन यायचे आणि मी त्यांच्या तबकड्या करून द्यायचो. मग आतला रबरी पट्टा सैल पडला आणि माझा कप्पा उघडेना. मला जुन्या टॉवेलात गुंडाळून माळ्यावर ठेवण्यात आले. तिथे धूळ होती, पण खालचे बोलणे स्पष्ट ऐकू यायचे, त्यातूनच सगळे कळायचे.

काका थकले. चष्मा साखरेच्या डब्यात सापडू लागला. त्यांचे काम आता त्यांची पुतणी बघत होती. एके दिवशी मनोऱ्यातले घड्याळ बंद पडले. तिने ते उघडले, जोडले, चालू केले. दुपारचे चार वाजले आणि घड्याळाने सात टोले दिले. तिने पुन्हा उघडून जोडले. या वेळी नऊ. ग्रंथालयाच्या चिटणीसबाई म्हणाल्या, "आठवडाभर वाट बघू. नाहीतर आतलं यंत्र काढून विजेचं बसवू."

"मी सगळं तबकडीवर घेतलंय," काका म्हणाले.

तबकडी तेलाच्या बाटल्यांमागे सापडली. घरच्या प्लेअरने 'डिस्क नाही' असे दाखवले. संगणकवाल्याने दोन यंत्रांत घालून पाहिली आणि परत दिली. "ताई, कोरी आहे ही."

"काका, त्यात काही नाही. जाऊ दे," पुतणीने हळूच सांगितले.

"कोरी नाही गं ती. मी विसरतो, पण हे मी केलंय."

दुसऱ्या दिवशी जेवताना काकांनीच विचारले, "मी खरंच केलं नव्हतं का गं?"

मित्रांनो, तेव्हा मला ओरडावेसे वाटले. पण बंद पडलेल्या यंत्राला आवाज कुठला?

पुतणी ताटावरून उठली. हात धुऊन तिने तबकडी घेतली आणि खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. आतला रुंद पट्टा गडद होता, कडेचा फिका. कोरी तबकडी सगळीकडे एकाच रंगाची असते.

"काका, हे कशावर केलं होतंत?"

"रेकॉर्डरवर. माळ्यावर असेल बघ. दुसऱ्या मशिनला नाही कळायची ती, अर्धवट सोडलीय मी."

तिने मला खाली उतरवले. मनगटी घड्याळे उघडणाऱ्या हातांना माझे स्क्रू म्हणजे किरकोळ काम. नवा पट्टा बसवला, लेझरचा डोळा पुसला. कप्पा सरकन बाहेर आला. तबकडी पोटात फिरू लागताच मी तिला ओळखले. ती माझीच लिपी होती.

पडद्यावर काळ्या केसांचे काका बोलत होते. "या दोन चाकांच्या एकेका दातावर खुणेचा ठिपका आहे. वंगण साचलं की दिसत नाही, खरवडून शोधायचा. दोन ठिपके एकमेकांना भिडले नाहीत, तर टोले चुकणारच."

पुतणी तशीच उठून मनोऱ्यावर गेली आणि तिने वंगण खरवडून दोन्ही ठिपके जुळवले. चार वाजता काका ग्रंथालयाच्या पायरीवर बसून बोटांवर मोजत होते. चौथ्या टोल्यानंतर त्यांनी थोडे थांबून खात्री केली.

"चार," ते म्हणाले.

"काका, मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

"अगं, तू उजेडात धरून बघितलंस ना. बाकीच्यांनी तेवढंही नाही केलं."

तबकडीवरच्या उरलेल्या जागेत पुतणीने ते दोन ठिपके जवळून टिपले. बोलली ती, मधूनमधून दुरुस्त करत होते काका. मग मी माझा जुना प्रश्न विचारला आणि तिने 'हो' दाबले. दहा मिनिटांत काम झाले. आता ती तबकडी बहुतेक साध्या प्लेअरमध्येही चालते, तिला माझी गरज नाही. याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.

तर मित्रांनो, तबकडीवर काय भरले आणि कोणत्या यंत्रावर भरले ते लिहून ठेवा. काम संपले की फायनलाइज करा. आणि एखादे म्हातारे माणूस 'मी हे केले होते' असे पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर तबकडी कोरी ठरवण्याआधी एकदा खिडकीपाशी जा.